आयबीएस आणि लहान आतड्यात वाढलेले जिवाणू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी विदर्भात तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतो. पोटाच्या तक्रारींवर तेच ते प्रश्न दवाखान्यात येतात आणि रात्री फोनवरही येतात. ते इथे एकत्र केले आहेत. ज्यांनी जसे विचारले तसेच ठेवले, वऱ्हाडी असतील तर वऱ्हाडीच. आपला प्रश्न शोधा आणि तेवढंच उत्तर वाचलं तरी चालेल. दुसरीकडे बघायची गरज असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. "जेवलो का पोट नगाऱ्यावानी फुगते, सकाळी दोन-तीनदा जा लागते. डॉक्टर म्हणते आयबीएस हाय. हे काय होय?"

आयबीएस म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. आतडं तपासलं तर जखम, गाठ, सूज काहीच सापडत नाही, पण त्याची हालचाल आणि संवेदना बिघडलेली असते. २०१६ साली ठरलेल्या 'रोम ४' निकषांप्रमाणे गेले तीन महिने आठवड्यातून किमान एक दिवस पोट दुखत असलं पाहिजे. शिवाय ते दुखणं शौचाशी जोडलेलं असावं, किंवा शौचाच्या खेपा बदललेल्या असाव्यात, किंवा मळाचं स्वरूप बदललेलं असावं. या तिन्हींपैकी दोन गोष्टी हव्यात आणि त्रासाची सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची हवी. कुणाला जुलाबाचा आयबीएस असतो, कुणाला बद्धकोष्ठाचा, कुणाला दोन्ही आलटून पालटून. नुसतं पोट फुगतं पण दुखत नाही, त्याला या व्याख्येत आयबीएस म्हणत नाहीत.

२. सिबो म्हणजे काय? तो जंताचा प्रकार आहे का?

नाही. जंत वेगळे, जिवाणू वेगळे. सिबो म्हणजे लहान आतड्यात जिवाणूंची नको तेवढी वाढ. मोठ्या आतड्यात एका ग्रॅम मळात हजारो कोटी जिवाणू असतात आणि ते तिथे असायलाच हवेत. लहान आतड्याच्या वरच्या भागात मात्र ते फार थोडे असतात. जठरातलं आम्ल, पित्तरस आणि आतड्याची हालचाल त्यांना तिथे ठरू देत नाही. दुर्बिणीतून काढलेल्या रसाच्या एका मिलिलिटरमध्ये १,००० किंवा त्याहून जास्त जिवाणू वाढले, तर आता त्याला सिबो म्हणतात. आधी ही मर्यादा १ लाख होती.

३. मग आयबीएस आणि सिबो एकच का?

एकच नाही, पण दोघांचं येणं-जाणं बरंच आहे. आयबीएस असलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांत सिबोची चाचणी सकारात्मक येते. कोणती चाचणी वापरली त्यावर हा आकडा बराच हलतो. म्हणजे ज्यांना आयबीएस आहे त्यांच्यातल्या बहुतेकांना सिबो नाही. हे आधी सांगतो, कारण हल्ली मोबाइलवर एक व्हिडिओ बघून माणूस थेट "मला सिबो झाला, गोळी लिहून द्या" म्हणत येतो.

४. "आमच्या पोटातले जंतू वाईट हायेत का? चांगल्या माणसाच्या पोटात कोणते रायतात?"

चांगले आणि वाईट अशी फाळणी इथे नीट बसत नाही. कपाशीच्या तासात ज्वारीचं ताट उगवलं तर शेतकरी ते उपटतो. ज्वारी वाईट असते म्हणून नव्हे, तिची जागा ती नाही म्हणून. सिबोत पुष्कळदा हेच होतं.

कोणते जिवाणू वाढतात हे आता बरंच ठाऊक आहे. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयातल्या मार्क पिमेंटेल यांच्या गटाने दुर्बिणीतून लहान आतड्यातला रस काढून त्यातल्या जिवाणूंची जनुकीय ओळख पटवली. सिबो असलेल्यांमध्ये प्रोटिओबॅक्टेरिया नावाचा मोठा वर्ग फुगलेला होता. त्यातही एश्चेरिशिया (आपल्या ओळखीचा ई. कोलाय त्यातलाच) आणि क्लेबसिएला या दोघांनी जागा बळकावली होती. नेहमी तिथे राहणारे फर्मिक्यूट्स वर्गातले जिवाणू घटले होते. एकूण जातींची विविधताही कमी झाली होती. सगळ्या शिवारात एकच गाजरगवत माजावं तसं.

मोठ्या आतड्याचं चित्र वेगळं आहे. आयबीएसच्या रुग्णांच्या मळात बिफिडोबॅक्टेरियम आणि फिकॅलिबॅक्टेरियम कमी, तर ई. कोलायच्या घराण्यातले जिवाणू जास्त, असं पुष्कळ अभ्यासांत दिसलं. पण सगळ्या अभ्यासांचं एकमत नाही. आयबीएसची एकच एक 'जिवाणू-सही' अजून कुणाला सापडलेली नाही.

५. हे जिवाणू वर चढतात तरी कसे? मी तर घरचंच खातो.

घरचं की बाहेरचं, हा मुद्दा नाही. आपण उपाशी असतो तेव्हा दर दीड ते दोन तासांनी जठरापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंत एक जोरकस लाट जाते. उरलेले अन्नकण, मेलेल्या पेशी आणि जिवाणू ती पुढे ढकलते. मी रुग्णांना सांगतो, ही आतड्याची डवरणी. डवरा वेळच्या वेळी फिरला तर तण धरत नाही. घास तोंडात गेला की ही लाट थांबते आणि पचनाची वेगळी हालचाल सुरू होते.

डवरणी बिघडण्याची एक मोठी वाट आमच्याकडे पावसाळ्यात दिसते. जुलै-ऑगस्टमध्ये विहिरीचं पाणी गढूळ होतं, गावात गॅस्ट्रोची साथ येते. सलाईन लागतं, आठ दिवसांत माणूस उठून कामाला लागतो. पण पोट पहिल्यासारखं होत नाही. अशा संसर्गानंतर ढोबळमानाने दहातल्या एकाला आयबीएस जडतो. पिमेंटेल यांच्या गटाचं म्हणणं असं की जंतूच्या विषाविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं व्हिन्क्युलिन नावाच्या आपल्याच प्रथिनाला चिकटतात, आतड्याच्या मज्जातंतूंना इजा होते आणि लाट मंदावते. सगळ्या प्रकरणांना हा खुलासा पुरत नाही, पण "तवापासून बिघडलं ते बिघडलंच" म्हणणाऱ्या रुग्णाला तो पटतो. म्हणून मी पहिल्या भेटीत हमखास विचारतो: त्रास कोणत्या साथीनंतर सुरू झाला?

बाकीची कारणं: जुना मधुमेह, थायरॉइड मंद असणं, वाढतं वय, पोटाचं जुनं ऑपरेशन (प्रश्न १३) आणि वर्षानुवर्षं चालणारी ॲसिडिटीची गोळी. आम्ल कमी झालं की वरचा पहारा ढिला पडतो. सुरुवातीच्या काळात मीही पोट फुगल्याची तक्रार आली की पँटोप्राझोल लिहून देत असे. काही जणांच्या चिठ्ठीवर ती गोळी सहा-सहा वर्षं तशीच राहिली, आणि ती थांबवायला हवी होती हे मला उशिरा सुचलं. तुमची चालू असेल तर मात्र परस्पर थांबवू नका. हृदयाच्या किंवा सांधेदुखीच्या गोळ्यांमुळे जठरात रक्तस्राव होऊ नये म्हणूनही ती दिलेली असते.

६. एका घरात दोघांना सिबो. मोठ्या भावाला जुलाब, धाकट्याला चार-चार दिवस होत नाही. असं काहून?

गॅस वेगळा, म्हणून. जिवाणू न पचलेली साखर आंबवतात तेव्हा हायड्रोजन तयार होतो. पोटात मेथॅनोब्रेव्हिबॅक्टर स्मिथी नावाचा जीव जास्त असेल तर तो हायड्रोजनचे चार रेणू खर्चून मिथेनचा एक बनवतो. मिथेनमुळे आतड्याची चाल मंदावते, म्हणून बद्धकोष्ठ. हा जीव खरं म्हणजे जिवाणूच नाही, तो आर्किया नावाच्या वेगळ्या कुळातला आहे आणि मोठ्या आतड्यातही माजतो. म्हणून या प्रकाराला आता सिबो न म्हणता 'मिथेन बनवणाऱ्यांची अतिवाढ' असं वेगळं नाव दिलं आहे. तिसरा गॅस हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याच्या वासाचा. त्याचा संबंध जुलाबाशी दिसतो.

एक गैरसमज इथेच काढतो. वास किती येतो यावरून सिबो ओळखता येत नाही. हायड्रोजन आणि मिथेन यांना वासच नसतो.

७. श्वासाची तपासणी कशी करतात? एका दिवसात घरी येता येते का?

तपासणी दोन-तीन तासांची असते, दुखत नाही, सुई नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज किंवा १० ग्रॅम लॅक्ट्युलोज (लहान आतड्यात न शोषली जाणारी साखर) पाण्यातून पाजतात आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी नळीत फुंकायला लावतात. ९० मिनिटांच्या आत हायड्रोजन मूळच्या पातळीपेक्षा २० पीपीएमने (हवेच्या दहा लाख भागांत २० भाग) वाढला तर सकारात्मक. मिथेन कोणत्याही वेळी १० पीपीएम किंवा जास्त निघाला तर तोही सकारात्मक.

गडबड होते ती तयारीत. चार आठवडे आधीपासून अँटिबायोटिक नको. जुलाबाची किंवा आतडी हलवणारी औषधं आठवडाभर आधी बंद, तीही डॉक्टरला विचारूनच. आदल्या दिवशी डाळ, भाकर, पोळी, भाजी, फळ, दूध काही नाही. पांढरा भात, मीठ, खात असाल तर उकडलेलं अंडं किंवा साधं चिकन. मग आठ ते बारा तास उपाशी. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर एवढ्या उपवासाबद्दल आधी डॉक्टरशी बोला.

तपासणी बहुधा नागपूरला करावी लागते. सिरोंच्याहून किंवा धारणीहून पहाटेची एसटी पकडून, स्टँडवर उतरून धावतपळत पोचू नका. दमल्यावर श्वास जोरात चालतो आणि त्यात मोजायचा गॅस पातळ होतो. आदल्या संध्याकाळी नातेवाइकाकडे मुक्काम करा. सकाळी बिडी नाही, खर्रा (तंबाखू-सुपारी) नाही. तोंड नीट धुऊन जा, कारण तोंडातले जिवाणूही साखर आंबवतात. आणि निघण्याआधी फोन करून विचारा की यंत्र मिथेनही मोजतं का. फक्त हायड्रोजन मोजणाऱ्या यंत्रावर प्रश्न ६ मधला धाकटा भाऊ 'नॉर्मल' निघायचा.

८. मुंबईच्या एका लॅबनं संडासची मायक्रोबायोम तपासणी करून वीस पानांचा रंगीत रिपोर्ट दिला. हे पाहून औषध द्या.

देता येत नाही. मळातून मोठ्या आतड्याच्या शेवटच्या टोकाची कल्पना येते, आपला संशय कित्येक फूट वर आहे. धरणाच्या सांडव्याखालचं पाणी तपासून वरच्या नाल्यात काय मिसळलं हे सांगण्यासारखं ते आहे. शिवाय कोणता जिवाणू किती टक्के असला म्हणजे ठीक, याचं सर्वमान्य प्रमाण ठरलेलं नाही. आयबीएसच्या निदानासाठी ही तपासणी करू नये, असंच तज्ज्ञ संस्थांचं मत आहे. पैसे गेले ते गेले, मनाला लावून घेऊ नका. मळाची साधी तपासणी मात्र उपयोगाची आहे, ती कशासाठी ते प्रश्न १२ मध्ये.

९. "मेडिकलवाल्यानं रिफॅक्सिमिन देल्ली, तीन दिवसात बरं वाटलं, मंग बंद केली. आता पुन्हा तेच. काय करू?"

रिफॅक्सिमिन हे आतड्यातच राहणारं अँटिबायोटिक आहे, रक्तात जवळपास उतरत नाही. अमेरिकेत मे २०१५ मध्ये त्याला जुलाबाच्या आयबीएससाठी मान्यता मिळाली. तिथला डोस ५५० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, १४ दिवस. तीन दिवस घेऊन सोडणं म्हणजे अर्ध्या वावरात फवारणी करून पंप ठेवून देणं.

अपेक्षाही बेताची ठेवा. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत औषध घेतलेल्या १०० पैकी सुमारे ४१ जणांना पुरेसा आराम पडला. औषध नसलेली गोळी घेतलेल्यांत तो ३२ जणांना पडला. फरक खरा आहे, पण जादू नाही. मिथेनच्या प्रकारात एकटं रिफॅक्सिमिन कमी पडतं. कधी त्याला निओमायसिनची जोड देतात, आणि त्या औषधाने कान आणि मूत्रपिंड यांना धोका असतो. म्हणून ते घरच्या घरी घ्यायचं औषध नव्हे.

जुलाब लागले की ऑफ्लोक्सॅसिन-ऑर्निडाझोलचा पत्ता चिठ्ठीशिवाय घ्यायचा, ही सवय तर सगळ्यात आधी सोडा. प्रत्येक पत्त्यासोबत मोठ्या आतड्यातलं उभं पीकही थोडं थोडं जळतं.

त्रास पुन्हा उलटणं हे सिबोत नेहमीचं आहे. डवरणी ज्या कारणाने थांबली ते कारण तसंच असेल तर तण पुन्हा येणारच. म्हणून दुसऱ्यांदा औषध देण्याआधी साखर, थायरॉइड आणि चालू गोळ्यांची यादी मी पुन्हा तपासतो. आतड्याची हालचाल वाढवणारं औषध रात्री द्यावं का, हेही रुग्ण बघून ठरवतो.

१०. काय खाऊ, काय नको? आमच्याकडे तर वरण, पिठलं आणि कांदा, यातच सगळं येते.

हीच तर पंचाईत. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाने आंबणाऱ्या साखरा कमी असलेला जो आहार बसवला, त्याला फॉडमॅप कमी असलेला आहार म्हणतात. त्याची परदेशी यादी आपल्या चुलीपाशी काही कामाची नाही. आपल्या ताटात ती उतरवली तर अशी दिसते.

आपली बाजू भक्कम आहे ती ज्वारीमुळे. ज्वारीची भाकर आणि भात बहुतेकांना सोसतात. गव्हाच्या पोळ्या आणि रोडगे यांतलं फ्रुक्टॅन आंबतं. तुरीच्या वरणात आणि बेसनात दुसऱ्या जातीची साखर असते, म्हणून पिठलं, झुणका, पाटोडी, गोळाभात हे सगळं अडचणीत येतं. वरण सोडवत नसेल तर काही दिवस मुगाच्या डाळीचं, पातळ, एक वाटी. कडधान्यं रात्रभर भिजवून ते पाणी फेकून शिजवली तर त्रास कमी होतो, ही आजीची पद्धत रसायनशास्त्राला धरून आहे. कारण ती साखर पाण्यात उतरते.

लसणाचंही असंच. त्यातलं फ्रुक्टॅन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. म्हणून तेलात लसणाच्या अख्ख्या पाकळ्या तळून काढून टाका आणि त्या तेलात फोडणी द्या. चव राहते, त्रास जातो. कांद्याऐवजी पातीचा फक्त हिरवा भाग. सांबार (म्हणजे कोथिंबीर), हिंग, जिरं, आलं चालतं. वांग्याचं भरीत कांद्याशिवाय करून बघा, शेंगदाण्याचं कूट घाला. सावजी रस्सा त्या काळात पूर्ण बंद. त्यात कांदा-लसूणही आहे आणि तर्रीही. फळांत आमरस आणि टरबूज त्रास देतात. संत्रं मात्र एकावेळी एक खायला हरकत नाही, आणि नागपुरी संत्र्याच्या मुलखात राहून ते सोडायला मी कुणाला सांगणारही नाही.

हे सगळं दोन ते सहा आठवडे. मग एकेक पदार्थ परत आणून बघायचा. कायमचं असं खाल्लं तर मोठ्या आतड्यातले बिफिडोबॅक्टेरियम उपाशी मरतात, आणि ते आधीच कमी आहेत (प्रश्न ४). आणि ज्याचं वजन मुळातच कमी आहे, जी बाई मजुरी करते आणि रक्तही कमी आहे, तिला मी ही यादी देतच नाही. डाळ काढली तर तिच्या ताटात उरतं काय?

११. एकादशी केली तर आतड्याची सफाई होते ना? आणि ताक? खर्रा खाल्ल्याशिवाय मला होत नाही, त्याचं काय?

दोन जेवणांत चार-पाच तास अंतर ठेवलं तर प्रश्न ५ मधली लाट फिरायला वेळ मिळतो, एवढं खरं. दिवसभर चहा, फुटाणे, चिवडा असं थोडं थोडं तोंडात टाकणं थांबवा, त्यात निम्मा उपवास झाला. साबुदाण्याची उसळ, बटाटा आणि भगर दिवसातून तीनदा खाण्याला मात्र आतडं उपवास मानत नाही.

ताक: दुधातली लॅक्टोज दही लागताना कमी होते, नाहीशी होत नाही. वाटीभर ताक सोसत असेल तर घ्या. प्रोबायोटिकच्या महागड्या कॅप्सूल मी आयबीएससाठी सरसकट लिहीत नाही, पुरावा कच्चा आहे.

खर्रा: तंबाखूतलं निकोटीन आणि सुपारीतलं ॲरेकोलीन दोन्ही आतड्याला ढोसतात, म्हणून सकाळी होतं. ते औषध नाही, तोंडाच्या कॅन्सरचा रस्ता आहे. सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ वाढेल. तेव्हा या, त्याला सोपे उपाय आहेत.

१२. आयबीएस नसून दुसरंच काही असेल, हे कसं ओळखायचं?

मळात रक्त, न ठरवता उतरलेलं वजन, बारीक ताप, रक्त कमी होणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर. यातलं एकही असेल तर सिबोचा विचार बाजूला ठेवून आधी तपासण्या. आपल्याकडे आतड्याचा टीबी विसरून चालत नाही. तो पोटदुखी, ताप, वजन घटणं अशाच रूपात येतो. मळाच्या साध्या तपासणीत जिआर्डिया नावाचा परजीवी सापडला तर जिवाणूंची चर्चाच संपते, त्याचं औषध वेगळं. सिलिअॅक आजाराची (यात गव्हातलं ग्लुटेन आतड्याला सोसत नाही) रक्ततपासणी गहू खाणं चालू असतानाच करायची. आधीच गहू सोडला तर तपासणी खोटं 'नाही' सांगते.

१३. गर्भपिशवीच्या ऑपरेशनानंतर दोन वर्षांनी हे सुरू झालं. संबंध आहे का?

असू शकतो. पोटाच्या कोणत्याही ऑपरेशनानंतर आतडी एकमेकांना किंवा पोटाच्या भिंतीला चिकटू शकतात. तिथे वाट अरुंद होते, अन्न तुंबतं आणि तुंबलेल्या ठिकाणी जिवाणू वाढतात. अशा बाईला फक्त अँटिबायोटिक देऊन पाठवणं चूक आहे. पोटात मुरडा येऊन फुगवटा, सोबत उलटी आणि वारा सरणंही बंद, असं झालं तर त्याच रात्री दवाखान्यात न्या. सकाळची वाट बघू नका.

१४. बी-१२ कमी निघालं. म्हणजे सिबो पक्का?

पक्का नाही. वाढलेले जिवाणू बी-१२ फस्त करतात हे खरं, आणि त्याच वेळी फॉलिक ॲसिड तयार करतात. म्हणून बी-१२ कमी आणि फॉलिक ॲसिड भरपूर, अशी जोडी दिसली की शंका घेतो. पण माळकरी घरात जन्मभर मांस-अंडं नाही, दूधही चहापुरतंच. त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू आणि वर ॲसिडिटीची गोळी. बी-१२ कमी व्हायला एवढं पुरतं. आधी इंजेक्शनने कमतरता भरून काढा. हाता-पायांना मुंग्या येत असतील तर सिबोचा निकाल लागेपर्यंत थांबू नका.

१५. श्वासाच्या तपासणीत रेघ सपाट आली, डॉक्टर म्हणाले सिबो नाही. पण त्रास तसाच आहे. मग मी खोटं बोलतोय का?

नाही. ग्लुकोज लहान आतड्याच्या पहिल्याच भागात शोषलं जातं. वाढ खालच्या भागात असेल तर चाचणी चुकते. लॅक्ट्युलोजची चूक उलट दिशेची. ज्याचं आतडं भरभर चालतं त्याच्यात ते ९० मिनिटांच्या आत मोठ्या आतड्यात पोचतं आणि नसलेला सिबो दाखवतं. शिवाय हायड्रोजन आणि मिथेन दोन्हींच्या रेघा अगदी तळाशी असतील, तर सगळा हायड्रोजन हायड्रोजन सल्फाइड बनवण्यात खर्च होत असेल, अशीही शक्यता असते. तो गॅस साध्या यंत्रावर मोजला जात नाही.

आणि चाचणी बरोबर असली, सिबो खरंच नसला, तरी आयबीएस आहेच की. त्याचे उपचार सिबोवर अवलंबून नाहीत. पुढच्या वेळी याल तेव्हा जुन्या रिपोर्टांसोबत रिकामे झालेले गोळ्यांचे पत्तेही पिशवीत घालून आणा. त्यातल्या एखाद्या पत्त्यावरच कारण सापडलेलं मी बरेचदा पाहिलं आहे.